कडीसाहेबाची बाजू

किल्लीकाका साहित्यात शिरले ते कपाटाच्या पोटातून. वाचनालयातल्या लोखंडी कपाटाचा खालचा दांडा अडकला होता, म्हणून काका जमिनीवर उताणे पडून कमरेपर्यंत आत गेले होते. बाहेर उरले होते दोन पाय, एका पायातली चप्पल आणि अवजारांचा डबा. त्या पायांपासून चार हातांवर, शनिवारची दुपार असल्यामुळे, वाचनालयाचं पुस्तक मंडळ बसलं होतं.

आधी काकांची ओळख करून द्यायला हवी. वय एकोणसत्तर, शाळा सातवीपर्यंत, हात मात्र डबल पदवीधर. पन्नास वर्षं कुलपं, कड्या, बिजागऱ्या यांच्यात गेलेली. गावात असं घर नाही ज्याचं दार काकांनी एकदा तरी उघडलं नाही, आणि असं दार नाही ज्याची गोष्ट त्यांच्याकडे नाही. एकदा एका गृहस्थाने घराबाहेर अडकलो म्हणून बोलावलं. काकांनी दीड मिनिटात कुलूप उघडलं, तर आत एक अनोळखी कुटुंब जेवत बसलेलं. गृहस्थांचा मजला चुकला होता. पण घरची माणसं भली. म्हणाली, आता आलाच आहात तर बसा. दोघंही जेवून उठले. ही गोष्ट काका सांगायला लागले की त्यात दर वेळी एक भाजी वाढायची.

तर ते पाय कपाटाबाहेर आहेत आणि मंडळाचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, ते मोठ्याने वाचतायत. पुस्तक होतं ‘बिनकडीचं शहर’. जाडजूड कादंबरी, पुढच्या कुठल्याशा काळातली. त्या शहरात सरकारने हुकूम काढलेला असतो की घरातल्या कुठल्याही दाराला आतून कडी नको. ज्याच्या मनात काळंबेरं नाही त्याला कडी हवीच कशाला, असं सरकारचं म्हणणं. आणि घरोघर जाऊन कड्या उतरवायला एक अधिकारी नेमलेला असतो. लोक त्याला पाठीमागे कडीसाहेब म्हणतात. कादंबरीतला खलनायक म्हणजे हाच.

हेडसर वाचत होते, “त्याने कडी उतरवून पिशवीत टाकली. चारही स्क्रू ज्याच्या त्याच्या भोकात परत फिरवून ठेवले. घाम पुसला आणि त्या बाईकडे न बघता तो पुढच्या दाराकडे वळला.” मग चष्मा काढून ते म्हणाले, “बघा, बाईकडे न बघता. काळीज आहे का दगड?”

कपाटातून आवाज आला, “तो परत यायचाय.”

मंडळ दचकलं. हेडसरांनी आधी छताकडे बघितलं. मंडळात एक निवृत्त नर्स होत्या, चाळीस वर्षं इस्पितळात काढलेल्या, त्यांना सगळे सिस्टर म्हणत. त्यांना बोलणारे पाय नवीन नव्हते. त्या म्हणाल्या, “अहो पाय, बाहेर येऊन बोला.”

काका सरपटत बाहेर आले. केसांत जळमटं, हातात पेचकस. म्हणाले, “तसं नाही, मी आपलं अडाणी माणूस. पण कडी कायमची काढायची असली की आम्ही स्क्रू डब्यात टाकतो आणि भोकं भुसा आणि सरस घालून बुजवतो. दुरुस्तीला न्यायची असेल तरच स्क्रू परत भोकात दोन आटे फिरवून ठेवायचे. म्हणजे हरवत नाहीत, आणि ज्याचा स्क्रू त्याच्याच भोकात बसतो. तुमचा तो साहेब कडी परत आणून बसवणार आहे. निदान त्याच्या हाताला तरी तसं वाटतंय.”

हेडसरांनी तो परिच्छेद पुन्हा वाचला, या वेळी मनात. कादंबरी त्यांनी दोनदा वाचली होती, समासात शिसपेन्सिलीने बारीक टिपा होत्या, पण स्क्रूंपाशी काही नव्हतं.

“लेखकाला सुतारकाम माहीत नसेल,” हेडसर म्हणाले.

“माहीत नसतं तर स्क्रूंचं नावच काढलं नसतं,” काका म्हणाले. “ज्याला माहीत नाही तो ‘कडी काढली’ म्हणून मोकळा होतो.”

ग्रंथपालबाई टेबलामागून हे सगळं ऐकत होत्या. त्यांनी रजिस्टरमध्ये काकांचं नाव घातलं, एक जादा प्रत काढली आणि अवजारांच्या डब्यावर ठेवली. “महिनाभर घ्या,” त्या म्हणाल्या. “कपाट उघडलंत, आता पुस्तकही उघडा.”

घरी आल्यावर काकांनी पुस्तक स्वच्छ पुसलेल्या टेबलावर ठेवलं आणि एखादं नव्या बनावटीचं कुलूप बघावं तसं चारही बाजूंनी बघितलं. मग बोट ठेवून वाचायला लागले. दिवसाला सहा पानं. कानावर पेन्सिल. जिथे कडीसाहेब यायचा तिथे पानाचा नंबर एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचे. तिसऱ्या दिवशी शेजारणीने विचारलं, “काका, परीक्षा आहे का?” काका म्हणाले, “आहे, पण कोणाची ते अजून कळलं नाही.”

रविवारी सकाळी लेकीचा फोन यायचा. लेक म्हणजे एकुलती एक, चाळिशीची, दुसऱ्या शहरात नकाशे काढण्याच्या कचेरीत नोकरीला. फोन बरोबर नऊला यायचा आणि नऊ वाजून पाच मिनिटांनी संपायचा. जेवण होतं का वेळेवर, गोळ्या घेताय का, तिकडे हवा काय म्हणते. वर्षातून एकदा ती यायची, बाहेरच्या खोलीत बसायची, चहा प्यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. सगळ्या गावाशी तास तास बोलणारे काका या फोनवर मात्र मोजकं बोलायचे.

त्या रविवारी काका म्हणाले, “मी पुस्तक वाचतोय.”

“कसलं? कुलपांचं?”

“कादंबरी आहे.”

“बाबा, ताप वगैरे आहे का?”

काकांनी नाव सांगितलं, गोष्ट थोडी सांगितली, कपाटाचा प्रसंग सांगितला, आणि लेक हसली. ते हसू काकांनी बऱ्याच वर्षांनी ऐकलं. घड्याळ बघितलं तर नऊ अठरा.

पुढच्या रविवारपर्यंत लेकीने स्वतः ते पुस्तक आणलं होतं आणि ती काकांच्याही पुढे गेली होती. “मला तो माणूस अजिबात आवडला नाही,” ती म्हणाली.

“कोण, कडीसाहेब? अगं, स्क्रू बघितलेस का? पान एकेचाळीस, एकशे बारा, एकशे नव्वद. तिन्हीकडे त्याने स्क्रू परत लावून ठेवलेत. आणि कडी नसलेल्या दारावरसुद्धा तो टकटक करतो. ढकललं तर उघडेल, तरी करतो.”

“बाबा, स्क्रूंचं काय घेऊन बसलात? ती मुलगी कपडे बदलताना तीन वर्षं दाराला पाठ लावून उभी राहायची, ते वाचलंत का?”

“कुठल्या पानावर?”

“एकशे तेरा. तुमच्या स्क्रूंच्या पुढचंच पान.”

काकांनी फोन ठेवल्यावर एकशे तेरा उघडलं. ओळ होती. ती त्यांनी वाचलीही होती, बोट तिच्यावरून गेलं होतं, कारण ओळीखाली तेलाचा बारीक डाग होता. पण कॅलेंडरच्या पाठीवर तो नंबर नव्हता.

इथे मागचं थोडं सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही.

चोवीस वर्षांपूर्वी काकांची बायको गेली. न्हाणीघरात, आतून कडी लावलेली. चक्कर येऊन पडली, शेजारणीने हाका मारल्या, दार ठोठावलं, लोक जमले. दार काकांनीच बसवलेलं, चांगल्या लाकडाचं, ते लवकर फुटेना. काकांना शोधायला माणूस धावला. काका गावाच्या दुसऱ्या टोकाला एका शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप उघडायला गेले होते. ते कुलूप चार मिनिटांत उघडलं होतं. त्यानंतरचा पाऊण तास काका शिक्षकांच्या खोलीत चहा पीत, मजला चुकलेल्या गृहस्थांची गोष्ट सांगत बसले होते. घरी पोचले तेव्हा दार फुटलं होतं आणि डॉक्टर हात धुत होते. म्हणाले, अर्धा तास आधी उघडलं असतं तर सांगता आलं असतं.

लेक तेव्हा सोळा वर्षांची, शाळेच्या सहलीला गेलेली. ती यायच्या आत काकांनी फुटलेलं दार बदललं. नव्या दाराला आतून कडी बसवली नाही. शेजाऱ्यांना हात जोडून सांगितलं, पोरीला एवढंच सांगा की हृदय बंद पडलं. शेजारी भले, त्यांनी शब्द पाळला.

महिन्याभराने लेक शाळेत असताना काकांनी तिच्या खोलीची कडी उतरवली. चारही स्क्रू परत भोकात फिरवून ठेवले. मन जरा ताळ्यावर आलं की परत बसवू, असा विचार. संध्याकाळी लेकीने विचारलं, “माझ्या दाराची कडी कुठे गेली?” काका म्हणाले, “घरात कडी नको.” एवढंच. ती म्हणाली, “मी काय केलंय?” काका म्हणाले, “काही नाही,” आणि स्वयंपाकघरात निघून गेले. आज ताळ्यावर आलं नाही, उद्या येईल, असं करता करता दोन वर्षं गेली. अठराव्या वर्षी लेकीने लांबचं कॉलेज निवडलं आणि वसतिगृहात गेली. स्क्रू तसेच राहिले. चोवीस वर्षांत काकांनी ते दार चार वेळा रंगवलं, चारही वेळा स्क्रूंच्या डोक्यांवर कागद चिकटवून, रंग लागू नये म्हणून.

म्हणून त्या कादंबरीवर काकांचा जीव असा जडला होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं. कडीसाहेबाची बाजू कोणीतरी मांडायला हवी, त्याने कड्या काढल्या पण त्याच्या मनात वेगळं होतं, हे एकदा लेकीने कबूल केलं की मग आपलं तोंड उघडेल, असा त्यांचा हिशोब. पन्नास वर्षांत दुसऱ्यांची इतकी दारं उघडली, पण स्वतःच्या या एका वाक्यापाशी घोडं अडलं होतं.

तिसऱ्या रविवारी लेक म्हणाली, “तुमच्या मंडळाची शेवटची बैठक कधी?”

“पुढच्या शनिवारी.”

“मी येते. बघूया तुमचा साहेब सुटतो का.”

त्या आठवड्यात काकांनी वकिलाने करावी तशी तयारी केली. कॅलेंडरच्या पाठीवर एकवीस पानांचे नंबर झाले. दाढी करताना आरशातल्या माणसाला ते कडीसाहेबाची बाजू समजावून सांगायचे. आरशातला माणूस हो हो करायचा, पण त्याचं मत धरून काय उपयोग.

शनिवारी लेक परस्पर वाचनालयात आली. करड्या रंगाचा शर्ट, काखेत पुस्तक, पुस्तकात पिवळ्या चिठ्ठ्या. काकांच्या शेजारी रिकामी खुर्ची होती. ती समोरच्या बाजूला, सिस्टरांच्या शेजारी बसली. ग्रंथपालबाईंनी चहा मांडला. हेडसरांनी प्रस्तावना केली आणि ती लांबली, कारण प्रस्तावना आखूड असते असं त्यांना कोणी कधी सांगितलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, “प्रश्न एकच. शेवटच्या प्रकरणात सरकार पडतं, लोक कडीसाहेबाच्या घरात घुसतात आणि तळघरात अकरा हजार कड्या सापडतात. प्रत्येकीला घराचा नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. कशासाठी ठेवल्या त्याने? लेखक सांगत नाही. माझं मत, शिकारी भिंतीवर शिंगं लावतो तशा. बोला, काका.”

काका उभे राहिले. बसूनच बोला म्हणून तिघांनी सांगितलं, तरी उभेच राहिले.

“शिंगांना कोणी तेल लावत नाही, सर. पान तीनशे सहा. ‘कड्या तेलकट होत्या, एकीलाही गंज नव्हता.’ अकरा हजार कड्यांना तेल लावायचं म्हणजे, रोज तीस धरल्या तर, पुरं वर्ष. आणि एकदा लावून भागत नाही. जी वस्तू परत वापरायची तिलाच माणूस तेल लावतो. वर चिठ्ठी. कुठल्या घरची ते विसरू नये म्हणून. वर स्क्रू. हा माणूस हुकूम पाळत होता, पण प्रत्येक दाराला सांगून येत होता की थांब, मी येतो.”

हेडसरांनी मान डोलावली आणि समासात काहीतरी लिहिलं. काकांना धीर आला.

सिस्टरांनी कप खाली ठेवला. “काका, तुमचं सगळं बरोबर. स्क्रू बरोबर, तेल बरोबर. त्याने त्या मुलीला सांगितलं का?”

“सांगितलं नाही. पण स्क्रू ठेवले ना दारावर. रोज तिच्या डोळ्यांसमोर—”

“स्क्रू वाचता कोणाला येतात? तुम्हाला. तिला येत होते का?”

हे काकांच्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. खरंच आलं नव्हतं. दार बघितलं की त्यांना ते दार बोलायचं, कुठे सरकलंय, कोणी आपटलंय, काय तात्पुरतं आणि काय कायमचं, आणि ते इतकं स्पष्ट बोलायचं की ऐकू सगळ्यांनाच येत असणार असं ते आयुष्यभर धरून चालले होते.

सिस्टर म्हणाल्या, “आमच्याकडे पेशंटच्या उशाशी तक्ता असतो. डॉक्टर बघतात आणि समाधानाने जातात. पेशंट बिचारा ताप किती म्हणून आम्हाला विचारत बसतो. तक्ता त्याच्याच डोक्यावर टांगलेला, पण त्याच्यासाठी नव्हे.”

“मग त्याने कड्या काढल्याच का?” ग्रंथपालबाईंनी विचारलं. “नोकरी सोडता आली असती. बाविसाव्या पानावर तो स्वतःहून ही जागा मागून घेतो. ते मला कोडंच आहे.”

“भीती होती त्याला,” काका म्हणाले.

“सरकारची?”

“सरकारची नाही. बंद दाराची. त्याच्या घरात कोणीतरी बंद दाराआड गेलं असणार. आतून कडी होती आणि हा वेळेवर पोचला नाही. हा गावातच होता, पण गप्पा मारत बसला होता. मग कुठल्याच दाराला कडी नको असं वाटलं असणार त्याला. पुढे कधीतरी परत बसवू म्हणाला, आणि ते पुढे काही आलं नाही.”

हेडसर पानं चाळायला लागले. “हे कुठे आहे? कुठलं पान?”

काकांनी कॅलेंडरचा कागद उलटा केला, सुलटा केला. एकवीस नंबर होते, पण हा नव्हता. त्यांनी पुस्तक उघडलं आणि अंगठ्याने दोन-चार पानं सोडली, जणू सापडेलच.

“पुस्तकात नाही,” ते म्हणाले, आणि खाली बसले.

सिस्टरांनी एकदा काकांकडे बघितलं, एकदा शेजारी बसलेल्या लेकीकडे, आणि उरलेला चहा पिऊन टाकला. चाळीस वर्षं इस्पितळात काढलेल्या बाईला कुठे थांबावं ते कळतं.

लेक पिवळ्या चिठ्ठीचं टोक दुमडत होती. ती म्हणाली, “मला वाटतं लेखकाने सांगितलं नाही ते ठीक आहे. त्याने सांगायला हवं होतं. त्या माणसाने. तिला.”

“तरी तो दोषीच?” हेडसरांनी विचारलं.

“कडी त्याने काढलीच ना, सर. तिची तीन वर्षं गेलीच. पण ती त्याला आयुष्यभर दुसऱ्याच गुन्ह्यासाठी दोषी धरत होती. निदान गुन्हा तरी बरोबर कळायला हवा.”

हेडसरांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी बैठक तिथेच संपवली. त्यांच्या बाबतीत असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

घरी जाताना दोघं चालत गेले. कोपऱ्यावर लेक म्हणाली, “हृदय बंद पडलं, असं सगळ्यांनी सांगितलं होतं मला.”

“मी सांगायला लावलं होतं.”

“किती वेळ होती आत?”

“पाऊण तासाच्या वर. मी शाळेत होतो. काम झालं होतं माझं.”

वीस-पंचवीस पावलं झाल्यावर तिने त्यांच्या हातातली जड पिशवी घेतली. पिशवीत अवजारं होती. ती घेतल्याशिवाय काका वाचनालयातसुद्धा जात नसत.

घरात शिरल्यावर ती बाहेरच्या खोलीत बसली नाही. सरळ आपल्या खोलीपाशी गेली आणि दारावर हात फिरवला. चार स्क्रू, चौकटीपासून वितीच्या अंतरावर, दोन वर दोन खाली.

“यांच्यावर माझे तीन स्वेटर उसवले,” ती म्हणाली. “मला वाटायचं, काढायचं तेवढं काढलं आणि कचरा तसाच ठेवला. आणि संध्याकाळी दाराखालून तुमच्या पायांची सावली दिसायची. मी काय करते ते बघायला उभे राहता, असं वाटायचं.”

“तुझा आवाज येतोय का ते ऐकायचो. पान उलटलं, खुर्ची सरकली की जायचो.”

“मी मुद्दाम हालचाल न करता बसायची. तुम्ही जावं म्हणून.”

“म्हणून तर जायचो नाही.”

मग लेक हसली, पण डोळे पुसत. “बाबा, आपण दोघं ठार वेडे आहोत.”

काका आतून एक पत्र्याचा डबा घेऊन आले. तेलकट फडक्यात कडी होती, पितळी, काल दुकानातून आणल्यासारखी. फडकं मात्र चोवीस वर्षांत सहावं. लेकीने कडी हातात घेऊन दांडा सरकवला. लोण्यातून सुरी जावी तसा सरकला.

“लावा,” ती म्हणाली.

“आता? या खोलीत कोण राहतंय?”

“मी आज राहणार आहे.”

तीन स्क्रू निघाले, चौथा काही हलेना. काकांनी त्याच्यावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि जमिनीवर बसले. “जबरदस्ती केली तर डोकं तुटेल. तेलाला वेळ द्यावा लागतो.”

“किती?”

“अर्धा तास.”

लेकही समोर बसली, भिंतीला टेकून. त्या अर्ध्या तासात काकांनी त्या दिवसाचं सगळं सांगितलं, शिक्षकांच्या खोलीतल्या चहापासून डॉक्टरांच्या ओल्या हातांपर्यंत. कुठली गोष्ट सांगत बसले होते तेही सांगितलं. लेकीने विचारलं, “ती मजला चुकल्याची?” काका म्हणाले, “तीच.” तिला ती गोष्ट लहानपणापासून पाठ होती. ती म्हणाली, “आईला आवडायची ती.” काका म्हणाले, “तिनेच त्यात पहिली भाजी वाढवली होती.”

मग चौथा स्क्रू सुटला, करकरत, पण अख्खा. काकांनी कडी जागेवर धरली, लेकीने बॅटरी धरली, आणि ज्याचा स्क्रू त्याच्या भोकात बसला. वर डावा, खाली उजवा, असं कोनात घट्ट करत काकांनी चारही आवळले. दोनदा सरकवून बघितली. बसली.

लेक आत गेली. “लावून बघते,” म्हणाली. दार मिटलं आणि दांडा सरकल्याचा आवाज आला.

काका बाहेर उभे. आत काही वाजेना. खुर्ची नाही, पाऊल नाही. त्यांनी खाली बघितलं. दाराखालच्या फटीतून बाहेरच्या दिव्याचा उजेड आत जात होता आणि त्यात त्यांच्याच पायांच्या दोन सावल्या पडल्या होत्या.

त्यांनी पेचकस डब्यात ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात गेले. भांड्यात पाणी घातलं, चहाची पूड घातली, गॅस पेटवला. मागे वळून बघितलं नाही असं काही नाही. एकदा बघितलं.

आतून आवाज आला, “बाबा, गेलात का?”

“गेलो.”

“साखर कमी टाका.”

काकांनी हातातला चमचा अर्धा परत साखरेच्या डब्यात रिकामा केला. पाण्याला आधण यायला वेळ होता. ते ओट्याला टेकून उभे राहिले, दाराकडे पाठ करून.